बर्टनमधला एक दिवस

आज लेस्टरहून इंग्लंडमधल्याच बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरच्या गावाला जाऊन आलो. मालवाहतुकीच्या धंद्यातून आलेल्या विल्यम बास यांनी १७७७ मध्ये येथे ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, काढली आणि जिप्सममिश्रित विहिरींच्या पाण्यावर मुरलेली येथील पेल एल ही फिकट रंगाची बिअर पुढे थेट मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांपर्यंत पोहोचली. (आपल्या वाट्याला मात्र सोडाच आला असणार!) कूपर्स टॅव्हर्न या इथल्या पबच्या मागच्या खोलीत आजही पिंपाच्या तोटीतूनच ग्लास भरतात, बाकावर टेकून त्या तोटीची टपटप मी बराच वेळ ऐकत बसलो. ब्रुअऱ्यांची खासगी रेल्वे भर रस्त्यांना छेदत जात असे आणि फाटक पडले की सारे गाव ताटकळत उभे राहत असे. इथून ॲशबी गावाला जाणारी ट्राम तर १९२७ मध्येच थांबली. परतताना स्टेशनवर माल्टचा, म्हणजे बिअरसाठी मोड आणून भाजलेल्या बार्लीचा, उबदार वास आला.