तोंडापासून वीतभर वर

व्हीनस फ्लायट्रॅप या किडे खाणाऱ्या झाडाला फूल येतं म्हटलं की ऐकणारा जरा चमकतो. त्याच्या लेखी या झाडाला नुसतं तोंडच असतं. पण मे-जूनमध्ये त्या काटेरी जबड्यांच्या मधूनच एक सरळ दांडा निघतो आणि वीतभर वर जाऊन पाच पाकळ्यांची पांढरी फुलं उघडतो. खाली मुंग्या आणि कोळी अडकत असतात (नावात माशी असली तरी पानात क्वचितच), वर छोट्या मधमाश्या आणि भुंगेरे परागकण घेऊन सुखरूप निघून जातात. पाहुण्यांचा मजला वेगळा, स्वयंपाकघराचा वेगळा.

हे झाड मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातलं, विल्मिंग्टन शहराच्या आसपासचं. लांब सुयांच्या पाइनची विरळ झाडी आणि खाली ओली, आंबट, वाळूमिश्रित जमीन. तिच्यात नत्राची बोंब, म्हणून किड्यांवर गुजराण. कासच्या पठारावर दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती पाहिलेल्यांना ही युक्ती ओळखीची आहे. त्या रानात दर दोन-चार वर्षांनी वणवा लागतो, तोही याच्या पथ्यावर पडतो. पानं जळतात, जमिनीतला कंद वाचतो. वणवे विझवत बसलं की झुडपं माजतात आणि उन्हाविना हे बुटकं झाड संपतं.

सापळ्याच्या, म्हणजे त्या जबड्याच्या, दोन्ही पाळ्यांवर सहसा तीन-तीन केस असतात. एका केसाला धक्का लागला तर सापळा ढिम्म. साधारण वीस सेकंदांत दुसरा धक्का बसला की क्षणात मिटतो. एकट्या थेंबाला फसत नाही. आत धडपड चालू राहिली तरच पाचक रस सुटतात, मग आठ-दहा दिवस जेवण चालतं. तीन-चार जेवणांनंतर तो सापळा काळा पडतो. बोट घालून गंमत बघणाऱ्यांना म्हणूनच आवरावं.

कुंडीत लावायचं तर पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा कुजलेला भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) निम्मं-निम्मं. बागेची माती, शेणखत, गांडूळखत काहीही नको, मुळं जळतात. कुंडी प्लॅस्टिकची, खाली बशीत बोटभर पाणी, पाच-सहा तास ऊन. नळाच्या पाण्यातले क्षार साठत जातात आणि झाड दोन-तीन महिन्यांत मान टाकतं. पावसाचं पाणी साठवावं, पहिली सर सोडून. आरओचं चालतं, पण मीटरवर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) पन्नासच्या आत हवा. हिवाळ्यात तीन-चार महिने गारव्यात झोप लागते. पुण्या-नाशकाच्या रात्री थोड्याफार कामी येतात, मुंबईत हीच खरी अडचण.

आणि दांडा? रोप नवं किंवा अशक्त असेल तर तो बोटभर असतानाच कापावा, कारण फुलण्यात त्याची सगळी पुंजी जाते. कापलेला दांडा मात्र फेकू नये. ओल्या पीटमध्ये खुपसून ठेवला तर काही आठवड्यांनी कधीकधी बुडाशी दोन-तीन इवली रोपं फुटतात, मुगाएवढ्या जबड्यांसकट.