आजीच्या नावावरचा फ्लॅट

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवतो. पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून येतात, एसटीच्या वेळा सांभाळून. बारावीला इंग्रजीत बरे मार्क, पण तोंडातून एक वाक्य निघत नाही. गाइड पाठ करून पेपर काढायची आपली पद्धत, दुसरं काय होणार!

म्हणून मी ‘फ्रेंड्स’ दाखवतो. न्यूयॉर्कमधले सहा दोस्त, त्यांची लफडी, कॉफी. १९९४ ते २००४, २३६ भाग. इतकी जुनी मालिका कशाला, असं लोक विचारतात. तिच्यातल्या हशासाठी. बरंचसं चित्रीकरण स्टुडिओत बसलेल्या खऱ्या प्रेक्षकांसमोर व्हायचं, त्यामुळे हशा ओसरेपर्यंत नट थांबतात. तेवढ्या वेळात पोरं मागचं वाक्य पकडतात. नव्या वेबसिरीजमध्ये ही उसंतच नाही. तीन मिनिटांचा तुकडा घ्यायचा, सबटायटलच्या पट्टीवर पुठ्ठा धरून ऐकवायचा, मग पुठ्ठा काढून, मग आवाज बंद करून पोरांनीच बोलायचं. लाइट राहिली तर.

त्या दिवशी चौथ्या सीझनमधला ट्रीगरचा भाग लावला होता. ट्रीगर म्हणजे इमारतीची देखभाल करणारा. मोनिकासोबत राहणारी रेचल कचऱ्याच्या नळीत पिझ्झाचे खोके कोंबते, तो तिला रडवतो, त्यांचा दोस्त जोई जाब विचारायला जातो. त्यावर ट्रीगरची धमकी: मोनिकाचा भाड्याचा फ्लॅट कागदावर अजून तिच्या आजीच्या नावावर आहे, ती बेकायदा राहते, बाहेर काढीन.

एका पोरानं विचारलं, “सर, मोनिका त आचारी होय न? मंग एवढं मोठं घर कसं परवडते तिले?”

मी भाडेनियंत्रण, म्हणजे जुन्या भाडेकरूचं भाडं फार वाढू न देणारा कायदा, समजावू लागलो. मुंबईच्या पागडीचं उदाहरण दिलं. चेहरे कोरेच. या पोरांना मुंबईही न्यूयॉर्कइतकीच लांब.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ’ म्हटलं की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसते, तीच. “सर, कागदावर आजीचंच नाव हाय न अजून?” हो म्हटलं. मग ती वर्गाकडे वळली आणि चक्क इंग्रजीत सुरू झाली. “फ्लॅट, ग्रँडमदर नेम. मोनिका लिव्हिंग. नेम नॉट चेंज. सो दॅट मॅन पॉवरफुल. माय हाऊस ऑल्सो.”

तिच्या घरचं वावर अजून आजीच्या नावावर आहे. कसतो बाप, पीककर्जाला मात्र आजीला बँकेत न्यावं लागतं. पटवाऱ्याकडे खेटे घालून झाले. सातबारा, फेरफार, सगळं ती अडखळत, पण न थांबता सांगत गेली. मी पुठ्ठा हातात धरून ऐकत होतो.

पुढे ट्रीगर धमकी मागे घेतो, बदल्यात जोईला त्याच्यासोबत बॉलरूम डान्सचा सराव करावा लागतो. ते पाहून ती म्हणाली, “नाचून भागलं त्याईचं? बरं हाय मंग.” पोरं इतकी हसली की स्टुडिओचा हशा ऐकूच आला नाही.

पुढच्या आठवड्यात तिची नागपूरला कॉल सेंटरची मुलाखत आहे. काल मॉक घेतला. हॉबीज, स्ट्रेंथ, वीकनेस. पुन्हा मान खाली, पुन्हा ओढणी. मुलाखत घेणाऱ्यांना हेच साचेबंद प्रश्न लागतात, आणि आम्ही क्लासवाले तेच घोटून घेतो. आठवड्याभरात तिच्याकडून हॉबीज पाठ करून घेऊ, की तिला वावराबद्दलच बोलतं ठेवू, माझं ठरत नाहीये.