अंदमानला जाताय? आधी तिथी सांगा

अंदमानला निघालेला ओळखीतला माणूस हमखास विचारतो, "पोहायला आणि स्नॉर्केलिंगला, म्हणजे नळीतून श्वास घेत पाण्याखालचं बघायला, हॅवलॉक बेटाचा कुठला बीच चांगला?" मी उलट विचारतो, "तुम्ही तिथे असाल तेव्हा तिथी कोणती?" मी मुहूर्त काढून देतोय असं त्याला वाटतं.

तिथीचं कारण साधं आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. अंदमानात तेव्हा पाणी जवळजवळ दोन मीटर वरखाली होतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी, ओढ कमी आणि पाणीही कमी गढूळ. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको, पण तिथल्या भरतीच्या वेळा मात्र इथल्या हिशेबाने काढू नका. हॉटेलात किंवा जेट्टीवर विचारा.

हॅवलॉकच्या (2018पासून सरकारी नाव स्वराज द्वीप) पूर्वेला गोविंदनगर आणि विजयनगर, तिथल्या भाषेत तीन नंबर आणि पाच नंबर. बरीचशी रिसॉर्ट्स इथेच. फोटोत खोलीसमोर निळंशार पाणी दिसतं, तो फोटो भरतीचा. ओहोटीला तेच पाणी लांब मागे सरतं आणि समोर उरतात मेलेल्या प्रवाळाचे धारदार दगड. भरतीला मात्र लाट जवळजवळ नसते, मुलांना घेऊन डुंबायला छान. पायात रबरी बूट हवेतच.

राधानगर, म्हणजे सात नंबर, पश्चिमेला. तळाशी निव्वळ वाळू, त्यामुळे पोहायला माझी पहिली पसंती. पण त्याच वाळूमुळे स्नॉर्केलिंगला अगदीच नीरस. मासे प्रवाळापाशी राहतात, वाळूत त्यांचं काय काम? पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा थेट या किनाऱ्यावर येतो, तेव्हा फक्त बघायचं. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो: किनाऱ्याच्या टोकाच्या खाडीकडे जाऊ नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये याच भागात स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. मगरीचा बोर्ड दिसला की तो शोभेचा आहे असं समजू नका, जीवरक्षक सांगेल तेवढ्याच पट्ट्यात पोहा.

स्नॉर्केलिंगला एलिफंट बीच. जेट्टीवरून बोटीने किंवा जंगलातून चालत. गर्दी असते, पण प्रवाळ किनाऱ्यापासून जवळ आहे. सकाळची बोट धरा. ऊन वर आलं की पाण्याखालचे रंग उघडतात, आणि डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे "जेवून निवांत जाऊ" हा आपला बेत फसतो.

नीलवर, म्हणजे शहीद द्वीपावर, भरतपूर पोहायला आणि स्नॉर्केलिंगला, दोन्हीला बरं, उथळ आणि शांत. सीतापूरला सूर्योदय बघा, पोहू नका. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल उलट ओहोटीलाच बघायचा. खडकांतल्या डबक्यांत डोकं पाण्याखाली न घालताही बरंच काही दिसतं.

आणि खरोखर प्रवाळासाठीच जात असाल, तर पोर्ट ब्लेअरजवळच्या (2024पासून सरकारी नाव श्री विजयपुरम) वंडूरहून जॉली बॉय. हे बेट 1983च्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. परवाना लागतो, प्लास्टिक नेता येत नाही, आणि वर्षातले काही महिने ते बंद ठेवून त्याऐवजी रेड स्किन बेटावर नेतात. मालवणला स्नॉर्केलिंग केलेल्यांनाही इथलं स्वच्छ पाणी बघून आश्चर्य वाटतं.

हमखास येणारा पुढचा प्रश्न: पोहता येत नाही, तरी चालेल? चालेल. लाइफ जॅकेट घालून रिंगला धरायचं, गाइड ओढत नेतो. फक्त त्याआधी गुडघाभर पाण्यात उभं राहून, तोंड बुडवून, नळीतून श्वास घ्यायची सवय करून घ्या. गाइड घाई करेल, करू दे. आणि प्रवाळावर उभं राहू नका. तो जिवंत असतो, आणि त्याचा तुकडा खिशात घालणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.