गुळव्याची गोळी आणि पोराचा तापमापक

गुऱ्हाळाचा हंगाम, रात्री उशिरा

चिकोडी-निपाणीकडं चुलवाणं पेटली की एकच विचार डोक्यात घोळत राहतो. काहिलीशेजारी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईशेजारी, दोन जाणते उभे असतात, पण कोण कुणाचं ऐकतो? एकीकडं गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळून बघणारा. दुसरीकडं शेतकी शिकलेला पोरगा, तापमापक घेऊन आलेला. गुळव्या कानडी, मालक मराठी, असंही इथं असतंच. भाषा आड येत नाही. "मला ठाऊक आहे" हेच आड येतं.

पोराच्या पुस्तकात गूळ उतरवायचं तापमान ११८ अंश सेल्सिअस. आकडा बरोबर, पण समुद्रसपाटीचा. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि तिथं पाणी ९७.५ अंशांच्या आसपासच उकळतं. ११८ ची वाट बघत बसलं तर पाक अडीच अंश पुढं जातो, गुळाचा रंग उतरतो, करपट वास लागतो. गोळीला उंचीशी देणंघेणं नाही, कारण ती पाकाचा घट्टपणा दाखवते. पोरानं हे गुळव्याकडून घेतलं की तापमापकही कामाचा होतो. आधी त्याच जागी साधं पाणी उकळून बघायचं, १०० ला जेवढं कमी पडेल तेवढं ११८ मधून वजा करायचं. टोक काहिलीच्या बुडाला टेकवायचं नाही. तिथला पत्रा पाकापेक्षा जास्त तापलेला असतो.

आता गुळव्यानं काय घ्यावं? चुन्याचं माप. चुन्याची निवळी अंदाजानं टाकायची, मळी म्हणजे रसातला मळ कसा वर येतो ते बघायचं, ही रीत एकाच मळ्याचा ताजा ऊस असेल तर छान चालते. तोडून दोन दिवस पडलेला ऊस आला की अंदाज हुकतो. ताज्या रसाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका रस आंबट) साधारण ५.२ ते ५.५, शिळ्याचा त्याहून खाली. चुना कमी पडला तर आंबट रसात साखर फुटते, गूळ नीट बसत नाही, पावसाळ्यात पाघळतो. जास्त झाला तर रंग काळा नि चव खारट. सामूपट्टी रसात बुडवून ६ च्या थोडं वर आणलं की पुरे. रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढायची कला मात्र गुळव्याचीच. ती पट्टीवर दिसत नाही.

विचारायचं कसं, यालाही महत्त्व आहे. "अण्णा, चुना किती टाकता?" याला उत्तर मिळतं, "बघून." "अण्णा, काय दिसलं की थांबता?" असं विचारलं की फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार, उलथन्यावरून पाक कसा गळतो, सगळं बाहेर पडतं.

मला वाटतं, दोघांची एकच वही असावी. दर आधणाला, म्हणजे काहिलीच्या दर खेपेला, उसाची जात, तोडणीला झालेले तास, चुन्याआधीचा नि नंतरचा सामू, उतरवतानाचं तापमान, आणि गोळी कशी वळली ते गुळव्याच्याच शब्दांत, कानडी तर कानडी. जातीचा रकाना रिकामा सोडू नये. को ८६०३२ या जातीच्या उसाला बसलेला चुना को ९२००५ ला बसेलच असं नाही.