एसईओवाल्यांना काम मिळतं ते माऊथ पब्लिसिटीवर

इंदुरात विजयनगरपासून पलासियापर्यंत डिजिटल मार्केटिंगवाल्यांचे बोर्ड जिकडेतिकडे दिसतात, मी पण याच धंद्यात आहे, एसईओ करतो, म्हणजे लोकांच्या साइट गुगलच्या सर्चमध्ये वर आणतो, पण कुणी क्लायंट गुगलवर सर्च करून आमच्याकडे आलाय असं फार क्वचित होतं. तो येतो ते मेव्हण्याने सांगितलं म्हणून, सीएने सांगितलं म्हणून, नाहीतर सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या इंटरव्हलमध्ये कुणीतरी कुणाला नंबर दिला म्हणून. यात मला काही वावगं वाटत नाही. उलट मला वाटतं की आमच्या लाइनीत एखादी गोष्ट, एखादं टूल, एखादा माणूस तोंडोतोंडी का पसरतो हे आपण नीट बघतच नाही, सगळं लक्ष रँकिंगवर, म्हणजे गुगलमध्ये साइट कितव्या नंबरवर येते त्यावर.

मुळात गुगल उभं राहिलं तेच शिफारशीवर. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिननी स्टॅनफर्डमध्ये असताना पेजरँक मांडलं, त्याचा गाभा एवढाच की एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली की ती शिफारस धरायची, आणि ज्याची शिफारस मोठे लोक करतात त्याच्या शब्दाला जास्त वजन. मग लोकांनी शिफारसच विकत घ्यायला सुरुवात केली आणि पुढचं सगळं त्याचंच भांडण आहे, २००५ मध्ये नोफॉलो आलं, म्हणजे ही लिंक शिफारस धरू नका अशी खूण, एप्रिल २०१२ मध्ये विकतच्या, बनावट लिंकवाल्यांना खाली ढकलणारं पेंग्विन अपडेट, जानेवारी २०१४ मध्ये गुगलच्या वेबस्पॅम टीमचे प्रमुख मॅट कट्स यांनी लिंकसाठी गेस्ट पोस्ट टाकणं, म्हणजे दुसऱ्याच्या ब्लॉगवर लेख देणं, आता संपलं असं सरळ लिहून टाकलं. दर वेळी एक युक्ती आपल्याच लोकांत कानोकानी पसरली, सगळ्यांनी वापरली, आणि सगळ्यांनी वापरली म्हणूनच बंद पडली.

पण मला या सगळ्यात जवळचा वाटतो तो २००४ चा किस्सा. त्या वर्षी एसईओवाल्यांची एक स्पर्धा झाली, 'निग्रिट्यूड अल्ट्रामरीन' असा काही अर्थ नसलेला शब्दसमूह दिला आणि सांगितलं की यावर गुगलमध्ये जो पहिला येईल तो जिंकला. एक निकाल जूनमध्ये, दुसरा जुलैमध्ये. धंद्यातले लोक तुटून पडले, खोट्या साइट, जिथे जागा मिळेल तिथे लिंक, काय काय केलं. जुलैचा निकाल जिंकला अनिल डॅश, जो एसईओवाला नव्हताच, साधा ब्लॉग लिहिणारा माणूस. त्याने आपल्या वाचकांना एवढंच सांगितलं की बाबांनो मला या शब्दांनी लिंक द्या. त्यांनी दिली, कारण ते त्याला आधीपासून वाचत होते, आणि या ओळखीपुढे बाकीच्यांची सगळी तंत्रं मागे पडली. नवीन मुलं टीममध्ये आली की मी त्यांना हे सांगतोच, टूलचं ट्रेनिंग नंतर.

आता आपल्या लोकांत टूल कशी पसरतात ते बघा. स्क्रीमिंग फ्रॉग, म्हणजे साइटचं पान न् पान तपासणारं टूल, कुणी जाहिरात बघून घेतलंय असं मला तरी माहीत नाही. ५०० यूआरएलपर्यंत (म्हणजे पानांच्या पत्त्यांपर्यंत) फुकट चालतं, म्हणजे इंदूरच्या एखाद्या क्लिनिकची किंवा साडीच्या दुकानाची छोटी साइट त्यात पूर्ण बसते, नवीन मुलगा शेजारच्या सीनियरला विचारतो तुटलेल्या लिंक कशा शोधू, सीनियर म्हणतो हे टाक, आणि दहा मिनिटांत समोर लिस्ट. सांगणाऱ्याचा शब्द लगेच खरा ठरतो. हेच मला महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्या लाइनीतला माणूस स्वभावाने संशयी असतो, दिवसभर दुसऱ्यांच्या क्लृप्त्या बघतो, तो उगाच काही पुढे पाठवत नाही, चुकीचं निघालं तर त्याचं स्वतःचं नाव जातं ना.

मग डोमेन ऑथॉरिटी, म्हणजे डीए, इतकी कशी पसरली? ही एसईओची टूल बनवणाऱ्या मोझ कंपनीची स्वतःची मोजपट्टी, साइट सर्चमध्ये किती वर येऊ शकेल याचे शंभरपैकी मार्क, गुगल ती वापरत नाही आणि मोझ पण तसं उघड सांगतं. पण ब्राउझरमध्ये फुकट टूलबार, प्रत्येक साइटवर एक आकडा, आणि आकडा सांगायला सोपा. त्यामुळे आज मिटिंगमध्ये क्लायंटचा पहिला प्रश्न, भिया, अपना डीए कितना है? लिंक विकणारे त्याच आकड्यावर भाव ठरवतात, डीए ४० ची इतकी, ६० ची तितकी. प्रचार म्हणून बघितलं तर कमाल आहे, एका कंपनीचा आकडा सगळ्या धंद्याचं चलन होऊन बसला, पण मला त्याचा त्रास होतो कारण तो आकडा फुगवता येतो आणि ज्या दुकानदाराने पैसे मोजले त्याला हाती ग्राहक लागत नाही. एलएसआय कीवर्डचंही तसंच, म्हणजे मुख्य शब्दाच्या जवळचे शब्द पानात पेरले की गुगल वर आणतं ही समजूत, गुगलच्या जॉन म्युलरनी २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलं की असं काही नसतं, तरी कोर्समध्ये अजून शिकवतात, कारण शिकवणाऱ्याला त्याच्या शिकवणाऱ्याने सांगितलेलं. म्हणजे तोंडोतोंडी खोटंही पसरतं, आणि सोपं असेल तर जास्तच टिकतं.

याच्या अगदी उलट उदाहरण मे २०२४ चं. गुगल सर्चची आतली कागदपत्रं बाहेर आली, १४ हजारांवर अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे पानांबद्दल, साइटबद्दल ठेवायच्या नोंदी, आणि आमच्या लाइनीतले जाणते रँड फिशकिन व माइक किंग यांनी त्यावर लिहिलं. एका रात्रीत सगळीकडे, माझ्या फोनवर सकाळी प्रत्येक ग्रुपमध्ये तेच. पण ते टिकलं ते नुसतं सनसनाटी म्हणून नाही. फिशकिननी माहिती कुठून आली, गुगलमध्ये काम केलेल्यांकडून ती कशी तपासून घेतली हे आधी लिहिलं, मूळ कागद कुणालाही उघडून बघता येत होते, 'साइट ऑथॉरिटी' नावाची नोंद खरंच आहे का ते मी पण बघितलं. दोन दिवसांत गुगलनेही कागद खरे आहेत हे मान्य केलं, अर्धवट माहितीवरून अंदाज बांधू नका असं सांगत का होईना. इंदूरच्या सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जोशींच्या दहीवड्याचा द्रोण हवेत उडतो तो व्हिडिओ देशभर फिरला, पण इंदूरवाला पाहुण्याला तिथे घेऊन जातो तो वड्यासाठी, तसंच हे, आत माल होता म्हणून लोक अजूनही ते उघडून बसतात.

आणखी एक गोष्ट, ही सगळी माऊथ पब्लिसिटी रिपोर्टमध्ये दिसत नाही. फिशकिनच्याच स्पार्कटोरो कंपनीने २०२३ मध्ये तपासलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप, स्लॅक, डिस्कॉर्डवरून आलेल्या सगळ्या भेटी अ‍ॅनालिटिक्सने, म्हणजे साइटवर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या टूलने, 'डायरेक्ट' मध्ये, म्हणजे थेट आलेल्यांत, टाकलेल्या निघाल्या. राजेंद्रनगरच्या एक काकू गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेतात, त्यांच्या साइटवर 'डायरेक्ट' चा आकडा बघून त्यांचा मुलगा म्हणाला दादा हे काय, हे लोक कुठून आले? आले सोसायटीच्या आणि भिशीच्या ग्रुपमधून, दुसरीकडून कुठून येणार. त्यांना रिव्ह्यू वाढवायचे होते आणि मुलगा म्हणत होता रिव्ह्यू दिला तर दोन मोदक फुकट देऊ, मी तिथेच थांबवलं, बदल्यात काही देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि काकूंना त्याची गरजही नव्हती, ज्या बायका दरवर्षी ऑर्डर देतात त्यांना फोन करून फक्त मागितले तरी बास होतं. काकूंनी मागितले. लोकांनी मनापासून मोठमोठे लिहिले, कुणी सारणातल्या जायफळाबद्दल, कुणी वेळेवर डिलिव्हरी मिळाल्याबद्दल.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक क्लायंटच्या चौकशी फॉर्ममध्ये एक रिकामी जागा ठेवतो, 'आमच्याबद्दल कुणी सांगितलं?' ड्रॉपडाउन नाही, लोकांनी स्वतः टाइप करायचं, कारण पर्याय दिले की लोक पहिला दिसेल तो दाबून मोकळे होतात. आलेली नावं महिन्याच्या रिपोर्टमध्ये ट्रॅफिकच्याही वर लावतो, आणि क्लायंटला सांगतो की या माणसांना आधी फोन करा, थँक्यू म्हणा, मग कीवर्डचं बोलू.