आमची वाटचाल : ठोकलेली गाडी आणि चाचांचे तीन ठिपके

भाचा म्हणाला, मामा, माहितीपत्रकासाठी वर्कशॉपबद्दल दोनशे शब्द लिहून द्या. दोनशे शब्दांत आमची फक्त उधारी मावेल. तेव्हा जसं आठवतंय तसं लिहितोय, कापायचं ते त्याने कापावं.

२००३ ला भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली, मी आणि चाचा. आम्ही दोघं एकाच ऑथराइज्ड बॉडीशॉपमध्ये होतो, चाचा तिथले हेड डेंटर आणि मी पेंटला. पुण्यात मर्सिडीज ९५ पासून बनायला लागल्या, त्यामुळे महागडा पत्रा हाताखालून जायची सवय आम्हाला इतरांपेक्षा जरा लवकर लागली. चाचा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. नोकरी सोडताना त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या चार डॉल्या (ठोकताना पत्र्याच्या आतून धरायचे लोखंडी ठोकळे), दोन हातोड्या आणि डेंटिंगचा एक चमचा एवढंच फडक्यात बांधून आणलं होतं. ती टाचेच्या आकाराची डॉली अजून आमच्याकडे आहे, धरायच्या जागी घासून घासून अंगठ्याचा खळगा पडलाय. नवीन पोरं आता वॉशर वेल्ड करून पुलरने खेचतात आणि वर लांबी (पुट्टी) थापतात, चाचा मात्र आतून डॉली लावून, तळहात फिरवून, डोळे मिटून पत्रा काढायचे. लांबी लागलीच तर पापडाएवढी पातळ.

आणि काम झालं की आतल्या बाजूला, कुणी बघणार नाही अशा जागी, सेंटर पंचने तीन ठिपके मारायचे. चासीचा पाय असो, एप्रन असो, पिलर असो. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, टेलर कॉलरला लेबल लावतो की नाही?

आता जे लिहितोय ते भाचा नक्की कापणार. २००६ ते २०१३ आमचं निम्म्याहून जास्त काम जुन्या गाड्यांच्या डीलरांचं होतं. इन्शुरन्सवाल्याने टोटल लॉस केलेली (दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, पाऊणपटीवर गेला की करतात) गाडी हे लोक लिलावात घ्यायचे, आमच्याकडे टाकायचे आणि आम्ही ती उभी करायचो. आणि अशी करायचो की कंपनीचा माणूस पण फसावा. कंपनीचा स्पॉट वेल्ड एकसारखा गोल बसका असतो, आमच्याकडे सीओटू वेल्डिंग, मग ते घासून वर ग्राइंडरच्या दगडाने खोटे खळगे पाडायचे. सीम सीलर (पत्र्याच्या सांध्यावरचा लेप) ब्रशने ओढून त्यावर धुरळा मारायचा. बिलावर लिहायचं 'पेंट जॉब'. पुढे डीलर गिऱ्हाइकाला काय सांगतो ते आपण विचारायचं नाही, असा आपला हिशोब. मला तेव्हा त्याचा अभिमानच होता, खोटं का बोलू.

मग २०१३.

आमचे एक शेठ आहेत इचलकरंजीचे, लूमवाले. पहिल्यांदा आले ते २००४ ला, होंडा सिटीचं मागचं बंपर घेऊन, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गाडीचा ओरखडा सुद्धा आमच्याकडेच. वाटेत साताऱ्याला थांबून कंदी पेढे आणणार, चाचांना वेगळा पुडा. त्या वर्षी पावसाळ्यात शेठ एक चंदेरी पोर्शे घेऊन शेडच्या दारात उभे. ९११, कॅरेरा एस, २००८ ची. आयुष्यभराचं स्वप्न होतं त्यांचं. मुंबईच्या डीलरकडून ४२ लाखाला घेतली म्हणाले, सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल, "मालक, तुम्हाला दाखवायला आधी इकडं आणली, अजून घरी पण नेली नाही."

मी गाडीभोवती फिरलो आणि पोटात गोळा आला. या गाडीचे रेडिएटर पुढच्या दोन्ही कोपऱ्यात असतात, बंपरच्या जाळीतून टॉर्च मारला की दिसतात. उजव्या रेडिएटरवर वाळक्या पानांचा थर आणि डावा लख्ख, एक पान नाही. पुढचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला कंपनीचं चासी नंबर आणि ऑप्शन कोडचं जे स्टिकर असतं ते नाही. कार्पेट उचललं, सीलरवर नख दाबलं, नख रुतलं, म्हणजे सीलर ताजा. चाचा तोवर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी काही न बोलता स्क्रॅपरने दोन बोटांएवढा सीलर काढला. खाली तीन ठिपके.

चार महिन्यांपूर्वी ती आम्हीच बनवली होती. तेव्हा लाल प्रायमरचे डाग, नंबर प्लेट नाही, डावीकडून पार आत गेलेली, आणि उजवा रेडिएटर साफ करायचा कंटाळा मीच केला होता.

मला गप्प बसता आलं असतं. शेठ हसत उभे होते, पोरगा व्हिडिओ काढत होता. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि शेठना म्हणाले, "शेठ, ये गाडी हमने बनाई है." मग मला बाकीचं सांगावंच लागलं. शेठ दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिले, पेढ्याचा पुडा मांडीवर तसाच.

डीलरने आधी तर ओळखच दाखवली नाही. मग म्हणाला गाडी बघून, चालवून, पसंत करून घेतलीय, डिलिव्हरी नोटवर सही आहे, 'जशी आहे तशी'. वकील म्हणाले ग्राहक आयोगात जाता येईल, रक्कम २० लाखाच्या वर म्हणजे तेव्हा राज्य आयोग, पण गाडी फर्मच्या नावावर घेतलेली, म्हणजे मुळात तुम्ही ग्राहक आहात का इथूनच भांडण सुरू होणार. शेठनी लूम सोडून मुंबईच्या तारखा करायच्या का? नाही केल्या. मी माझी जॉबशीट, फोटो, पार्टची बिलं सगळं लेखी दिलं. त्यावर डीलरने ६ लाख परत केले आणि विषय संपवला.

विषय त्यांच्यासाठी संपला. आमच्यासाठी आठ दिवसात सगळ्या डीलरांचे फोन बंद झाले. उभ्या केलेल्या गाड्या रातोरात टो करून नेल्या, एकीचे दरवाजे आमच्याकडेच राहिले ते न्यायला पण कुणी आलं नाही. 'डील मोडणारा' हे नाव पडलं ते तेव्हापासून. पेंट बूथचं लोन चालू होतं, अकरा माणसं होती, दिवाळीपर्यंत चार उरली. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, हे तिला विचारून लिहितोय. चाचांनी सात महिने पगार घेतला नाही. आणि ज्यांच्याबरोबर मी दहा वर्षं चहा प्यायलो त्यातले दोघे लोकांना सांगत फिरत होते की हाच आधी चोऱ्या करायचा आणि आता साव झालाय. त्यात खोटं काही नाही म्हणून जास्त लागलं.

जुनी गाडी घेण्याआधी तपासून द्यायचं काम सुरू झालं ते शेठमुळेच. त्यांच्या एका पाहुण्याला ऑडी घ्यायची होती, शेठ म्हणाले घेण्याआधी यांना दाखव, ज्यांनी लपवलंय त्यांनाच सापडतं. पहिली फी दीड हजार. दुसऱ्या महिन्यात तीन गाड्या, मग पाच.

पेंटची जाडी मोजायचा माझा पहिला मीटर स्वस्तातला, फक्त लोखंडावर चालणारा. ॲल्युमिनियमवर ठेवला की नुसत्या रेघा, आणि मी येडा त्या जागा 'ओके' धरून पुढे जायचो. ऑडी आर-८ ची तर बहुतेक चौकटच ॲल्युमिनियमची. दोन गाड्यांनंतर अक्कल आली आणि दोन्ही धातूंवर चालणारा घेतला, स्क्रीनवर एफई (लोखंड) किंवा एनएफई (बिगरलोखंड) लिहून येतं तो. कंपनीचा पेंट साधारण ९० ते १६० मायक्रॉन, दोनशेच्या वर गेलं की दुसऱ्यांदा रंग, पाचशे-सातशे आलं की खाली लांबी आहे समजा. पण आकड्यापेक्षा फरक बघा, डावा दरवाजा ११० आणि उजवा १३५ तर काही नाही, डावा ११० आणि उजवा २६० तर विचारा. प्लास्टिक बंपर आणि कार्बन फायबरवर हा मीटर मुका. लॅम्बोर्गिनी हुराकानच्या मधल्या टनेलमध्ये आणि मागच्या भिंतीत कार्बन आहे, मॅक्लारेनचा तर सगळा टबच कार्बनचा, तिथे आम्ही सरळ सांगतो की हे आमचं काम नाही, कंपनीच्या वर्कशॉपला उचलून बघा.

२०१५ ते २०१९ काम केलं, लोन फेडलं. लिहिण्यासारखं काही नाही. पाटल्या सुटल्या.

मग त्या टॅबवाल्या पोरांच्या कंपन्या आल्या. दोनशे पॉइंटचा रिपोर्ट, चाळीस मिनिटांत, रंगीत. बघायला छान असतो हो, टायरची खोली, वायपर, सिगारेट लायटर, सगळ्याला हिरवी टिक. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टला पाना लागलाय का, बोल्टच्या कडेचा रंग उडालाय का, हे त्या दोनशेत नाही. आणि रिपोर्टचे पैसे कोण देतो? बऱ्याचदा विकणारा. गिऱ्हाईक तोच कागद माझ्यापुढे धरून म्हणतं, यांनी तर नऊ पॉइंट दोन दिलेत, तुम्ही का नाही म्हणताय. मी काय बोलू.

विचारलं नाही तरी सांगतो. डीलरच्या नावची आत्ताची पॉलिसी बघून काही कळत नाही, कारण नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधली सूट) गाडीबरोबर नाही, मालकाबरोबर जातो. आधीच्या मालकाच्या जुन्या पॉलिस्या मागा. पाच वर्षं एकाच माणसाकडे गाडी आणि बोनस ५० टक्क्यांच्या जागी शून्य किंवा २० असेल तर मधे बहुतेक क्लेम झालाय. बोनस टिकवायचं ॲड-ऑन असतं, त्यामुळे पन्नास दिसला म्हणून पण नाचू नका. सरकारी 'वाहन' नोंदणीच्या ॲपवर कितवा मालक, कर्जाचा बोजा, इन्शुरन्सची तारीख दिसते, अपघात दिसत नाही. अमेरिकेतला आमचा पुतण्या म्हणतो तिकडे टोटल लॉस झाली की गाडीच्या टायटलवरच सॅल्व्हेज लिहून येतं, इकडे आरसी कोरी ती कोरीच. एप्रिल २०२३ पासून डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, गाडी ताब्यात आली की पोर्टलवर कळवावं लागतं, चांगलंय, पण त्यातून गाडी कुणाच्या ताब्यात आहे ते कळतं, ठोकलेली आहे का ते नाही. काचांवरचे कोड एकमेकांशी जुळवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून खालच्या लेबलवरची तारीख बघा, २०१६ च्या गाडीत २०१९ चा बेल्ट का? किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे, लागलाच नाही तर जास्त घाबरा. आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर कोल्हापूर-सांगलीकडून स्वस्तात आलेली गाडी असेल तर आधी कार्पेटखाली नाक घाला, मीटर नंतर.

चाचा २०२१ ला गेले. डॉली मी वापरत नाही, ठेवलीय. ते गेल्यापासून तपासताना दोनदा तीन ठिपके सापडले, दोन्ही गाड्या नॉन-ॲक्सिडेंटल म्हणून विकायला काढलेल्या, आणि दोन्ही वेळा रिपोर्टमध्ये मी लिहिलं की हे काम आमच्याच वर्कशॉपचं आहे. एका गिऱ्हाइकाने फी परत मागितली.

शेठनी ती ९११ इतकी वर्षं ठेवली. आता गुडघे गेले, खाली बसून उठवत नाही, म्हणून यंदा विकायला काढली आणि माझ्याच शेडमध्ये आणून लावली. जाहिरात मी लिहिली, पहिल्याच ओळीत की पुढून डावीकडे ठोकलेली, काम इथेच झालंय, फोटो मिळतील. चार महिने झाले. फोन येतात, ती ओळ वाचतात, ठेवतात. परवा एकाने सांगितलं, ओळ काढा, मग पार्टी घेऊन येतो, तीन लाख जास्त मिळवून देतो. आवाज ओळखीचा वाटला म्हणून विचारलं तर त्याच डीलरचा पोरगा निघाला. शेठना फोन लावून सांगितलं. शेठ म्हणाले, राहू दे तिथंच, भाडं किती लावताय?