ऑनलाइन जाहिरातीतून भाड्याचं घर, किल्ली हातात येईपर्यंत

महाराष्ट्रात ऑनलाइन जाहिरात बघून घर भाड्याने घेताना मी एक नियम शेवटपर्यंत सोडत नाही. घराच्या कागदावरचं नाव, समोरच्या माणसाच्या ओळखपत्रावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्या खात्यावरचं नाव, ही तिन्ही जुळेपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही. पाचशेचं टोकनसुद्धा नाही. बाकीची सगळी खटपट या तीन नावांपर्यंत पोचण्यासाठी असते.

सुरुवात भावापासून करते. ज्या भागात घर हवंय तिथल्या तेवढ्याच आकाराच्या आठ-दहा घरांचं भाडं आणि डिपॉझिट वहीत लिहून काढते. बघताना कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा विचारते, कारण जाहिरातीत बहुतेक वेळा जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरलेला सुपर बिल्ट-अप टाकलेला असतो आणि मग दोन घरांची तुलनाच चुकते. हा भाव डोक्यात पक्का बसला की खोटी जाहिरात लगेच खटकते: फुल फर्निश्ड, ब्रोकरेज नाही, डिपॉझिट नावापुरतं आणि भाडं शेजारच्या इमारतीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. इतकं स्वस्त घर खरंच असतं तर ते ओळखीपाळखीतच गेलं असतं, जाहिरातीपर्यंत आलंच नसतं.

मग फोटो. दोन-तीन फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघते. तोच हॉल दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत निघाला तर विषय संपला. पण काहीच सापडलं नाही म्हणून फोटो खरा ठरत नाही. म्हणून मी स्विचबोर्ड मोठा करून पाहते. आपल्याकडच्या बोर्डावर बटणांची रांग असते आणि सॉकेटला गोल भोकं असतात. फोटोत सॉकेटला फक्त चपट्या फटी दिसल्या की तो फोटो बहुधा परदेशातल्या घराचा किंवा हॉटेलचा असतो. खिडकीबाहेरचं दृश्यही असंच बोलतं. सातव्या मजल्याचा फ्लॅट म्हणायचं आणि ग्रिलमागे झाडाचा बुंधा दिसायचा, हे जुळत नाही.

फोनवर मी विंग, मजला आणि घर बघायची वेळ विचारते. येणं लगेच शक्य नसेल तर व्हिडिओ कॉल मागते आणि कॉल चालू असताना सांगते: किचनचा नळ सोडा, आता मुख्य दार उघडून बाहेरचा फ्लॅट नंबर दाखवा. आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालवणाऱ्याला हे जमत नाही, लगेच नेटवर्क जातं. 'मी सैन्यात आहे, तातडीने बदली झाली' असं सांगून गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवणारे बरेच असतात. ते कार्ड दुसऱ्याच कुणाचं असतं. पुढची पायरी ठरलेली: घर दाखवायला गेट पास लागतो, त्याची फी भरा, भाड्यात वळती होईल. खऱ्या सोसायटीत पाहुण्याची नोंद गेटवर वॉचमन करतो, आणि ती फुकट असते.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे 'तुमचं खातं तपासायला एक रुपया पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा'. यूपीआय पिन आपल्या खात्यातून पैसे जाताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. अशा वेळी मोबाइलने पिन मागितला याचा अर्थ पैसे आपल्याकडून जाणार आहेत, समोरचा काहीही सांगो.

घर शक्यतो दोनदा बघावं, एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी. संध्याकाळी पार्किंगची खरी स्थिती आणि पाण्याचा दाब कळतो. बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून ओल बघते, बेडरूममध्ये उभी राहून फोन लावून बघते, लाइट मीटर स्वतंत्र आहे ना ते विचारते. टँकर येतो का, हे मालकापेक्षा शेजारी खरं सांगतात.

इथवर सगळं ठीक असलं तरी एक मोठा धोका शिल्लक असतो. घर खरं, फोटो खरे, किल्लीही खरी. पण दाखवणारा माणूस मालक नाही. तो चालू भाडेकरू असतो, किंवा थोड्या दिवसांसाठी घर घेऊन तेच चार-पाच जणांना दाखवून प्रत्येकाकडून डिपॉझिट उचलणारा असतो. किल्ली हातात असणं हा मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून मी इंडेक्स टू मागते, म्हणजे सूची क्रमांक दोन, नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. त्या एका पानावर दस्ताचा प्रकार, मोबदला, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, नोंदणीची तारीख आणि दस्त क्रमांक असतो. खरेदीच्या दस्तात 'लिहून घेणार' म्हणून ज्याचं नाव, त्याने ते घर घेतलेलं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवरच्या ई-सर्चमध्ये जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकून हीच नोंद स्वतः शोधता येते. फक्त त्याच वर्षावर थांबू नये. नंतर घर पुन्हा विकलं गेलेलं असू शकतं, म्हणून पुढची वर्षंही चाळावीत. त्यात त्याच फ्लॅटची लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची नोंद दिसली आणि तिची मुदत अजून संपलेली नसेल, तर आधीच्या भाडेकरूचं काय झालं हे सरळ विचारावं.

लाइट बिल जोडीला घ्यावं, पण केवळ त्यावर विसंबू नये. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. त्यावरून थकबाकी कळते, मात्र नाव अनेकदा बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचंच राहिलेलं असतं. मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचं मेंटेनन्स बिल त्यापेक्षा कामाचं. घर दोघांच्या नावावर असेल तर करारात दोघंही हवेत. मालक परदेशात असेल आणि भाऊ किंवा वडील व्यवहार करत असतील, तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) पूर्ण वाचावं. घर भाड्याने देण्याचा आणि डिपॉझिट घेण्याचा अधिकार त्यात लिहिलेला असायला हवा. मालक अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, त्यामुळे हे करार करण्याआधीच बोलून घ्यावं.

आपले कागद देतानाही घाई नको. आधारची मास्क्ड प्रत द्यावी, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर आडवं लिहावं: 'फक्त अमुक फ्लॅटच्या भाडेकरारासाठी', आणि खाली तारीख.

नावं जुळली की टोकन, तेही थोडंच. यूपीआयमध्ये नंबर टाकल्यावर बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, ते सावकाश वाचावं. एनईएफटी-आरटीजीएससाठीही खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. 'माझं खातं बंद आहे, भाच्याच्या खात्यात टाका' असं म्हटलं की मी थांबते. टोकन कशाचं, किती दिवसांसाठी, व्यवहार मोडला तर परत किती, हे मेसेजवर लिहून घेते. उरलेलं डिपॉझिट करार नोंदवण्याच्या दिवशी.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. स्टँप पेपरवर नोटरी करून घेणं म्हणजे नोंदणी नव्हे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के लागतं, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कमही त्यात मिळवतात. भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० असेल तर अकरा महिन्यांचे २,२०,००० अधिक ५,५००, त्यावर शुल्क साडेपाचशेच्या थोडं वर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. एजंट सगळं मिळून एकच आकडा सांगतो तेव्हा हा हिशोब जवळ असलेला बरा.

ऑनलाइन नोंदणीत मालक आणि भाडेकरू आधारवरून अंगठा देतात. इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. अंगठा जुळला याचा अर्थ तो माणूस तोच आहे, एवढाच. घर त्याचं आहे का, हे नोंदणीत तपासलं जात नाही. ते काम इंडेक्स टू बघून आपणच आधी करायचं असतं.

मसुदा वाचताना माझी नजर पहिल्यांदा डिपॉझिटच्या कलमावर जाते. 'घर सोडल्यावर परत' एवढं पुरेसं नाही. आपण किल्ली परत देऊ त्याच दिवशी, कोणत्या वजावटी करून, हे हवं. रंगाचे पैसे कापणार असतील तर आकडा लिहायला लावावा. लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही तो काळ, दोघांनाही सारखा हवा. मेंटेनन्स कुणी भरायचा ते स्पष्ट असावं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते मालकाचं देणं आहे. आपल्यावरही एक गोष्ट बांधील असते: मुदत संपूनही घर सोडलं नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागू शकते. भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकाने कळवायची असते, तिची प्रत मागून घ्यावी.

एवढं करूनही पैसे चुकीच्या हातात गेलेच, तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने सरकवले जातात, आणि ते खात्यात असेपर्यंतच बँक गोठवू शकते. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, फोन नंबर आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉटही लगेच जपून ठेवावेत. जाहिरात लगेच काढून टाकली जाते.

किल्ली घ्यायच्या दिवशी मालकासमोर सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढते: पंखे, गीझर, नळ, फरशीचे तडे. मीटरवरच्या आकड्याचा फोटो तिथेच मालकाला पाठवते, म्हणजे आधीचं बिल आपल्या माथी येत नाही. किल्ल्या किती मिळाल्या ते यादीत लिहून दोघांच्या सह्या घेते. जुन्या भाडेकरूकडे, ब्रोकरकडे एखादी किल्ली राहिलेली असतेच, म्हणून मालकाला विचारून मुख्य दाराच्या कुलपाचा सिलिंडर सामान आणायच्या आधी बदलून घेते आणि त्याची एक किल्ली मालकाकडे देते.